मालक कोण? पावर हाउस, राजनांदगाव आणि वस्त्र-कामगारांचे हक्क : प्रस्तावना

कपडे आणि क्रीडापोशाख तयार करणाऱ्या कामगारांच्या हक्कांची चळवळ ही युरोप-अमेरिकेतील ग्राहकांच्या जागृतीतून जन्माला आली आणि तिचे क्षेत्र जकार्ता, ढाका, तिरुप्पूर किंवा बंगळूर अशा निर्यात-केंद्रांपुरतेच आहे, असा समज या विषयावरील बऱ्याच लेखनातून नकळत दृढ होत गेला आहे. हा समज अपुरा आहे, आणि त्यामुळे होणारे नुकसान केवळ इतिहासलेखनाचे नाही. आजच्या जागतिक अभियानाला पुन्हा पुन्हा अडवणारा प्रश्न, म्हणजे कामगाराची मजुरी प्रत्यक्षात ठरवतो कोण आणि त्याने वाटाघाटीसाठी कोणासमोर उभे राहायचे हा प्रश्न, मध्य भारतातील कामगारांनी स्वतःच्या बळावर फार पूर्वी विचारला होता. त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत भिलाईच्या पावर हाउस या रेल्वे स्थानकाच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. वस्त्र-कामगारांच्या हक्कांचा विचार या स्थानकापासून आणि तेथून फार दूर नसलेल्या राजनांदगावच्या कापड गिरणीपासून सुरू केला, तर संपूर्ण विषयाची मांडणीच बदलते, अशी प्रस्तुत विवेचनाची भूमिका आहे.

पावर हाउस हा भिलाईतील गजबजलेला बाजारपेठेचा आणि कामगार वस्तीचा भाग असून त्याच नावाचे स्थानक हावडा-नागपूर-मुंबई या लोहमार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान आहे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि छत्तीसगडी शेतकरी-आदिवासींबरोबरच विदर्भासह देशाच्या अनेक भागांतील माणसे या नव्या नगरीत कामासाठी आली. सार्वजनिक क्षेत्रातील या कारखान्याच्या कायम कामगाराला घर, दवाखाना, शाळा आणि निवृत्तिवेतनाची हमी मिळाली; परंतु कारखान्याभोवती जे खासगी सहायक उद्योग वाढले, त्यांतील मोठ्या संख्येच्या कामगारांना यांपैकी काहीच मिळाले नाही. ते ठेकेदारामार्फत येत, ठेकेदाराच्या हजेरीवर काम करत, आणि वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभे राहूनही कागदोपत्री त्या कारखान्याचे कोणीच नसत. कामगाराची नेमणूक आणि मजुरीचे वाटप मध्यस्थाकडे ठेवून त्याच्या श्रमाचा लाभ मात्र मूळ उद्योगाने घ्यायचा, या व्यवस्थेला कंत्राटी पद्धत म्हणतात.

या व्यवस्थेविरुद्ध 1990 पासून भिलाईत जे आंदोलन उभे राहिले, ते छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे होते. मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी हे तरुणपणी भिलाई कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात काम केलेले, तेथून काढून टाकले गेलेले आणि पुढे दल्ली-राजहराच्या लोहखनिज खाणींत कंत्राटी कामगारांमध्ये राहून 1977 मध्ये त्यांची संघटना बांधणारे कार्यकर्ते होते. भिलाईतील मागण्या ऐकायला साध्या होत्या: कायमस्वरूपी कामावर कायम नेमणूक, जगण्यापुरते वेतन, आठ तासांचा दिवस, आणि कामगारांनी स्वतः निवडलेल्या संघटनेला मान्यता. यांतील एकही मागणी कायद्याच्या बाहेरची नव्हती. तरीही हजारो कामगार कामावरून काढले गेले, 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगी यांची भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली, आणि नंतरच्या वर्षी 1 जुलै 1992 रोजी पावर हाउस स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 16 कामगार मरण पावले. हत्येच्या खटल्यात 1997 मध्ये सत्र न्यायालयाने काही उद्योगपतींनाही दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने सर्व आरोपींची सुटका केली, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप सुनावताना इतरांची निर्दोष मुक्तता कायम ठेवली. न्यायप्रक्रियेचा हा तपशील येथे नोंदवण्याचे कारण असे की, उत्तरदायित्व साखळीच्या सर्वांत खालच्या कडीवर येऊन थांबते, हा अनुभव भिलाईच्या कामगाराला न्यायालयातही आला आणि कारखान्यातही.

भिलाईचे हे उद्योग लोखंड-पोलादाचे आणि अभियांत्रिकीचे होते, कापडाचे नव्हते, असा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. त्याचे उत्तर राजनांदगावात मिळते. राजनांदगाव संस्थानात राजा बलरामदास यांच्या काळात, 1890 च्या दशकात, सी. पी. मिल्स ही कापड गिरणी सुरू झाली. ती पुढे कलकत्त्याच्या कंपनीकडे गेली, बंगाल-नागपूर कॉटन मिल्स म्हणजेच बीएनसी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मच्छरदाणीच्या कापडासाठी दूरवर प्रसिद्ध झाली. 1920 मध्ये या गिरणीतील कामगारांनी ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिन्याहून अधिक काळ संप केला. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली तेच हे वर्ष, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे एका लहान संस्थानी गावातील या संपाचे मोल कळते. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा आणि राजनांदगावच्या गिरणीचा कामगार हा एकाच लोहमार्गावरचा, एकाच मध्य प्रांताच्या परिसरातला होता; नागपुरात रा. स. रुईकरांसारख्या मराठी नेत्यांनी गिरणी कामगारांत जी संघटना बांधली, तिच्यापासून हे गाव अलग नव्हते. मातृभाषा मराठी असून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध नागपुरातून 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापनासाठी आले, ते याच वाटेने. मराठी वाचकाने हा प्रदेश परका मानावा, असे त्याच्या इतिहासात काहीही नाही.

1974 मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात बीएनसी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मालक बदलला, पण खात्यांतील उष्मा, कामाचा ताण आणि तात्पुरत्या नेमणुका यांच्या तक्रारी राहिल्या. 1984 मध्ये तेथील कामगारांनी नियोगींच्या नेतृत्वाखाली नवी संघटना स्थापन करून संप पुकारला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात झालेल्या गोळीबारात चार जणांचे प्राण गेले. या संघर्षाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत जातो. मुंबईत 18 जानेवारी 1982 पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे बोनस आणि पगारवाढीइतकेच महत्त्वाचे कारण होते ते 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचे. या कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ अशी एक संकल्पना आणली होती: एखाद्या शहरातील एका उद्योगात ठरावीक प्रमाणात, म्हणजे किमान पंचवीस टक्के, सभासद असलेल्या एकाच नोंदणीकृत संघटनेला सर्व कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार. मुंबईत हा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि बहुसंख्य कामगारांनी पाठ फिरवल्यावरही तो त्याच्याकडेच राहिला. मध्य प्रदेशाच्या 1960 च्या औद्योगिक संबंध कायद्यातही हीच रचना होती. कामगारांनी निवडलेली संघटना एक आणि कायद्याने मानलेली संघटना दुसरी, या अवस्थेतून दोन्हीकडचे कापड कामगार गेले. मुंबईचा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे सरकले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी बीएनसीही बंद झाली.

गिरणी बंद पडल्याने प्रश्न संपला नाही. त्याने फक्त जागा आणि रूप बदलले. साचेखात्यातला पुरुष कामगार, त्याच्या मागे उभा असलेला बदली कामगार, आणि बदलीला काम देणारा-न देणारा मुकादम ही गिरणीतली उतरंड होती. तयार कपड्यांच्या कारखान्यात तिच्या जागी शिवणयंत्रावर बसलेली स्त्री, तासागणिक नगांचे टार्गेट आणि त्यावर नजर ठेवणारा सुपरवायझर ही रचना आली. गिरणीच्या दारावर मालकाचे नाव असे. आता कापड एकीकडे, शिलाई दुसरीकडे, बटण-काज आणि भरतकाम तिसरीकडे घरोघरी, आणि ज्या नावाने वस्तू विकली जाते त्या कंपनीचा स्वतःचा एकही कारखाना नाही, अशी विभागणी झाली. कच्च्या मालापासून दुकानापर्यंतच्या या ठेक्यांच्या मालिकेला पुरवठा साखळी म्हणतात, आणि अखेरचे नाव लावणाऱ्या कंपनीला व्यवहारात ब्रँड म्हणतात.

क्रीडापोशाख आणि क्रीडासाहित्याच्या उद्योगात ही विभागणी सर्वांत आधी आणि सर्वांत टोकाला गेली. नायकेसारख्या अमेरिकी कंपन्यांनी बूट शिवण्याचे काम आधी जपान, मग दक्षिण कोरिया आणि तैवान, आणि तेथे मजुरी वाढल्यावर इंडोनेशिया, चीन व व्हिएतनाम असे हलवत नेले. ऑगस्ट 1992 मध्ये, म्हणजे पावर हाउसच्या गोळीबारानंतरच्या महिन्यात, जेफ बॅलिंजर या कामगार-कार्यकर्त्याने अमेरिकेतील ‘हार्पर्स’ मासिकात इंडोनेशियातील एका बूट-कामगार स्त्रीची वेतनपावती छापून तिची मजुरी आणि त्या बुटांची किंमत शेजारी-शेजारी मांडली. या दोन घटनांतील माणसांना एकमेकांची माहिती असण्याचे कारण नव्हते. तरी दोन्हीकडचे म्हणणे एकच होते की ज्याला लाभ मिळतो त्याने मजुरीची जबाबदारी घेतली पाहिजे. 1989 मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेले ‘क्लीन क्लोद्स कॅम्पेन’, पाकिस्तानातील सियालकोट येथे फुटबॉल शिवणाऱ्या मुलांच्या प्रश्नावर 1997 मध्ये झालेला अटलांटा करार, आणि 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने क्रीडापोशाखांच्या कंपन्यांना उद्देशून निघालेली ‘प्ले फेअर’ मोहीम हे या अभियानाचे पुढचे टप्पे होत. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांमुळे क्रीडासाहित्याचे केंद्र बनलेल्या जालंधरमध्ये आणि मेरठमध्येही घरी बसून नगाच्या दराने चेंडू शिवणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि भारतातील मैदानांवर खेळणारी कितीतरी मुले त्यांच्याच हातचे चेंडू वापरतात.

या दबावाला कंपन्यांनी दिलेले उत्तर म्हणजे आचारसंहिता आणि सामाजिक लेखापरीक्षण. आचारसंहिता हा पुरवठादाराने पाळावयाच्या नियमांचा कंपनीने स्वतः लिहिलेला दस्तऐवज असतो, आणि लेखापरीक्षण म्हणजे ते नियम पाळले जातात की नाहीत याची पैसे देऊन नेमलेल्या संस्थेकडून केलेली तपासणी. या उपायाची मर्यादा किती भीषण असू शकते, हे कराचीच्या बाल्दिया भागातील कारखान्याने दाखवले: सप्टेंबर 2012 मध्ये तेथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मेले, आणि या कारखान्याला उत्तम कार्यस्थितीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्याआधी काही आठवडेच मिळालेले होते. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसले होते आणि कामगार आत जायला तयार नव्हते. त्यांना आत पाठवण्यात आले. आत जाण्यास नकार देण्याचे बळ देणारी संघटना त्यांच्या पाठीशी नव्हती, हे या दुर्घटनेचे कारण तपासणीच्या कोणत्याही अर्जात भरता येण्याजोगे नाही. त्यानंतर झालेल्या ‘बांगलादेश अकॉर्ड’चे महत्त्व यासाठी आहे की त्यात ब्रँड आणि कामगार संघटना समान पक्षकार होते, दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या, आणि त्यातील बंधने कायद्याने अमलात आणता येण्यासारखी होती. स्वेच्छेची वचने आणि बंधनकारक करार यांतील फरक ओळखणे हे या विषयाच्या अभ्यासकाचे पहिले काम आहे.

भारतात मात्र कायद्याची दिशा याच्या नेमकी उलट राहिली आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने कायम स्वरूपाच्या कामात ठेका पद्धत बंद करण्याचा अधिकार शासनाला दिला होता, आणि अशी बंदी आल्यावर कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. 30 ऑगस्ट 2001 रोजी तो निर्णय फिरवला गेला. ठेका केवळ दिखाऊ असल्याचे कामगाराने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध केले पाहिजे, असे ठरले. त्या प्रकरणातील पक्षकार होती भारतीय पोलाद प्राधिकरण, म्हणजे भिलाई कारखान्याचीच मालक संस्था. पावर हाउसला रुळांवर बसून जो प्रश्न विचारला गेला होता, त्याचे उत्तर नऊ वर्षांनी न्यायालयातून असे आले.

तयार कपड्यांचा उद्योग तर अशा बदलांची प्रयोगशाळा ठरला. ठरावीक मुदत संपताच आपोआप संपणाऱ्या नोकरीला मुदतबंद नेमणूक म्हणतात. ती केंद्राच्या स्थायी आदेशांच्या नियमांत 2016 मध्ये आधी केवळ या उद्योगासाठी आणली गेली, आणि 2018 मध्ये सर्व उद्योगांना लागू झाली. मुदतबंद कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन मिळावे अशी तरतूद आहे खरी, परंतु नूतनीकरणाची वाट पाहणारी स्त्री संघटनेच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी दहा वेळा विचार करते, हे कोणत्याही नियमाने बदलत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांमध्ये कंत्राटी कामगारविषयक तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर गेली आहे, आणि एकापेक्षा अधिक संघटना असतील तेथे 51 टक्के सभासद असणाऱ्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळतो. पंचवीस टक्क्यांच्या जुन्या नियमाने जो अन्याय केला, तो बहुमताच्या अटीने दूर होईल असे म्हणण्यास जागा आहे. पण ज्या कारखान्यात निम्मे मनुष्यबळ ठेकेदाराचे किंवा मुदतबंद आहे, तेथे बहुमत मोजायचे कोणाचे?

तरीही कामगार वाट काढतात. भविष्य निर्वाह निधीतील स्वतःचे पैसे काढण्यावर निर्बंध घालणारी अधिसूचना निघाली, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये बंगळूरच्या कपडे कारखान्यांतील हजारो स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेशिवाय रस्त्यावर आल्या आणि दोन दिवसांत केंद्र सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. एप्रिल 2022 मध्ये तमिळनाडूतील दिंडिगल येथे, एका तरुण कामगार स्त्रीच्या हत्येनंतर वर्षभर चाललेल्या लढ्यातून, दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील संघटना, पुरवठादार कंपनी आणि आंतरराष्ट्रीय ब्रँड यांच्यात लैंगिक छळाविरुद्ध बंधनकारक करार झाला. भारतातील वस्त्रोद्योगात हा मैलाचा दगड आहे, कारण छळाची तक्रार ऐकण्याचा आणि तिच्यावर पाठपुरावा करण्याचा अधिकार त्याने कामगार स्त्रियांच्या हाती दिला.

मजुरीच्या मोजमापाबद्दल एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची जी कसोटी ठरवली, तीत अन्न, निवारा आणि इंधनाबरोबर चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड धरलेले आहे. कापड विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसाच्या अंगावरही पुरेसे कापड असावे, हे या देशाने त्या वर्षी एका सर्वसंमत दस्तऐवजात मान्य केले होते. ‘एशिया फ्लोअर वेज’ या आघाडीने 2009 पासून आशियातील वस्त्र-कामगारांसाठी देशोदेशी लागू होईल असे निर्वाह वेतन, म्हणजे केवळ तगण्यासाठी नव्हे तर माणसासारखे जगण्यासाठी लागणारे वेतन, मोजण्याचा जो आग्रह धरला आहे, त्याचे मूळ अशाच विचारात आहे: एका देशाने मजुरी वाढवली की काम शेजारच्या देशात जाते, म्हणून तळाची रेषा सर्वांनी मिळून आखली पाहिजे.

छत्तीसगडच्या चळवळीने या सर्व विचारात घातलेली भर वेतनापलीकडची आहे. ‘संघर्ष आणि निर्माण’ हे तिचे सूत्र होते. दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाण-कामगारांनी 1983 मध्ये आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. 1977 च्या जून महिन्यात तेथील गोळीबारात मरण पावलेल्या अकरा जणांच्या स्मरणार्थ त्याला ते नाव दिले. दारूबंदी, शाळा, स्त्रियांची स्वतंत्र आघाडी ही कामे संघटनेने दुय्यम मानली नाहीत. कारखान्याच्या दारातील लढा हरला तरी वस्तीत काहीतरी उरते, ही समज यामागे होती. ब्रँडच्या प्रतिमेवर दबाव आणणाऱ्या अभियानाला वर्तमानपत्रांचे लक्ष असेतोवर बळ मिळते. लक्ष दुसरीकडे वळल्यावर कामगार स्त्री पुन्हा एकटी पडते. अशा वेळी तिच्या गल्लीत संघटनेची खोली आणि दवाखाना असणे म्हणजे काय, हे दल्ली-राजहराकडून शिकण्यासारखे आहे. छत्तीसगडमध्ये तयार कपड्यांचा उद्योग आता नव्याने येत आहे. दंतेवाडा जिल्ह्यात 2021 मध्ये शासनाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘डेनेक्स’ या कारखान्यात प्रामुख्याने स्थानिक स्त्रियाच काम करतात. त्यांच्यासाठी राजनांदगावचा इतिहास हा आपल्याच प्रदेशाचा वारसा आहे.

हा वारसा अजून पुरेसा नोंदला गेलेला नाही. 1984 च्या संपातील तरुण कामगार आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. पावर हाउसच्या रुळांवर बसलेल्यांची मुले पन्नाशीकडे झुकली आहेत. संघटनांची पत्रके, हजेरीची कार्डे, समझोत्यांच्या प्रती घरोघरच्या पेट्यांत आहेत. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या आठवणी मराठीत काही प्रमाणात तरी संकलित झाल्या. नागपूर-राजनांदगाव-भिलाई या पट्ट्यातील वस्त्र आणि कंत्राटी कामगारांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही. विदर्भातील आणि छत्तीसगडमधील महाविद्यालये, ग्रंथालये, महाराष्ट्र मंडळे आणि कामगार संघटना यांनी या माणसांच्या हयातीत, त्यांच्या छत्तीसगडी, हिंदी आणि मराठी बोलीत, या मुलाखती आणि कागद जमवण्याचे काम हाती घ्यावे, आणि ज्या वाचकाच्या घरी गिरणीतील किंवा कारखान्यातील आजोबांचे एखादे कार्ड अजून असेल, त्याने ते रद्दीत जाऊ देऊ नये.